तळहाताएवढी कोरडी हवा

मुश्ताकभाई,

तुम्हाला घरातून नेलं तेव्हा मी आत बायकांमध्ये बसले होते. खिडकीतून तुमच्या गॅरेजचं अर्धं शटर दिसत होतं आणि त्याच्यापुढे एका पिकअपचा दरवाजा, निम्मा घासून ठेवलेला. नसीमभाभींनी माझा हात धरला होता आणि मी त्या दरवाज्याकडे बघत होते. रडू येत नव्हतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्यासाठी लगेच रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याला आज सतरा दिवस झाले. कॉलेजात तुमच्यासाठी शोकसभा झाली नाही. व्हायचं कारणही नव्हतं, हजेरीपटावर तुम्ही कुठेच नव्हता. बाभुळगावचा एक डेंटिंग-पेंटिंगवाला आठवड्यातून दोन दिवस यवतमाळला येऊन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काय करतो, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत समजलं नाही. म्हणून मी हे लिहिते आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते धूर ओढणाऱ्या कपाटाचा गंजलेला सांगाडा रंगवायला. टेबलावर माझ्या नासलेल्या काचा पडल्या होत्या. करंगळीच्या दोन पेरांएवढ्या काचा, त्यांच्यावर पेरोव्हस्काइटचा थर. हे एक शिसं असलेलं मीठ. द्रवात विरघळवायचं, काचेवर थेंब टाकून काच गरगर फिरवायची, मग तव्यावर तापवायची. थर नीट बसला तर गुळाच्या पाकासारखा काळपट आणि आरशासारखा चकचकीत दिसतो आणि उन्हात वीज देतो. सिलिकॉनसारखी भट्टी लागत नाही. एका साध्या कॉलेजातही करता येईल अशी ही सौरघटाची रीत, म्हणून तर मी तिच्या मागे लागले होते. पण जूनपासून माझ्या काचा दुधाळ येत होत्या. तुम्ही एक काच उचलून तिरपी धरलीत आणि विचारलंत, "मॅडम, हे पावसात मारलं काय?"

मी चमकले. पावसाचं मी कुणालाच बोलले नव्हते. मग तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत की पावसाळ्यात गाडीला रंग मारला की असाच पांढरा पडतो. थिनर भरकन उडतं, पत्रा गार होतो, आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर येऊन बसतं. तीन महिने मी जे जाडजाड शोधनिबंधांत वाचत होते, ते तुम्ही ब्रश धुता धुता सांगितलंत. त्याच आठवड्यात मी तुम्हाला परत बोलावलं, आणि मग तुम्ही येतच राहिलात.

तेव्हाच तुम्ही उपायही सुचवला होता. फिरत्या काचेवर कोरडी हवा मारा, थर पाणी प्यायच्या आत सुकेल. मी ऐकलं नाही. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, ते थरावर बसेल, असं मी म्हणाले. मला सगळी खोलीच कोरडी करायची होती. दारं-खिडक्यांना पट्ट्या लावल्या, एसी रात्रंदिवस चालू ठेवला. आणि तेवढ्यात पावसाळा सरला, काचा आपोआप सुधारल्या, आणि आपण दोघंही तो विषय विसरलो. तुम्ही विसरला नसाल. मी विसरले, कारण मला विसरायचं होतं.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या यवतमाळची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्या दोन महिन्यांत आपण सुंदर काचा केल्या. मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, 'स्थानिक खुल्या हवेत, कोणत्याही विशेष व्यवस्थेविना.' खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ती हवा कोणत्या महिन्याची होती, ते मी लिहिलं नव्हतं.

त्या अहवालावर कॉलेजला संशोधनाचं मोठं केंद्र द्यायचं का, हे ठरवायला अनुदान देणाऱ्यांची समिती यायचं ठरलं ऑगस्टमध्ये. त्यांना काचा समोर करून हव्या होत्या.

बाहेर आठ-आठ दिवस पावसाची झड, टेबलावर वही ठेवली तर पानं ओलसर लागायची, आणि मी रोज काचा करत होते, रोज त्या दुधाळ होत होत्या. प्राचार्यांनी मला बोलावून शांतपणे मार्ग सांगितला. समितीपुढे काच फिरवायची, तव्यावर ठेवायची. मंडळी जेवायला गेली की एप्रिलच्या डबाबंद काचा काढायच्या आणि त्या मोजून दाखवायच्या. शेवटी त्याही आपणच केलेल्या ना, असं ते म्हणाले. मी हो म्हणाले.

का म्हणाले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मुकुटबनच्या आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टरेट. माझे वडील गावात कुणी माझं नाव काढलं की आधी उठून शर्टाची वरची गुंडी लावत. माझ्यासारखीची चूक तिच्या एकटीची राहत नाही, मुश्ताकभाई. ती सगळ्या समाजाच्या नावावर पडते. दुसऱ्या कुणाचा प्रयोग फसला तर प्रयोग फसला म्हणतात. माझा फसला असता तर काय म्हणाले असते, ते मला पाठ होतं.

काचांच्या मागच्या बाजूला आपण तारखा कोरलेल्या होत्या. त्या घासून काढायचं काम मी तुम्हाला सांगितलं. तुमच्याएवढा हलका हात कुणाचा नव्हता. तुम्ही डबा उघडला, एक काच उलटी केली, तारीख वाचली, आणि डबा बंद केला.

मग तुम्ही ती जीपची गोष्ट सांगितलीत. बसूनही घेतलं नाहीत, उभ्यानेच. वीस-एक वर्षांपूर्वी एका मालकाची ठोकलेली जीप तुम्ही नवी करून दिली होती. चासीला चीर होती. मालक म्हणाला, गिऱ्हाइकाला दिसू नये. तुम्ही पुट्टी भरलीत, घासलीत, वर असा रंग मारलात की तुम्हालाच जागा सापडेना. चार महिन्यांनी ती जीप घाटात त्याच चिरेवर मोडली आणि चालवणाऱ्या पोराचा पाय गुडघ्यापासून गेला. तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं.

"पुट्टीखाली चीर हाय हे मले मालूम होतं," तुम्ही म्हणालात. "त्या दिवसापासून ठोकलेली गाडी ठोकलेलीच सांगतो मी. हे काम मी नाही करत, मॅडम."

मी घाबरलेली होते आणि तुम्ही बरोबर होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस फार वाईट बोलतो. एरवी मी वर्गात प्रमाण भाषा बोलते, पण रागात माझी माहेरची बोली येते. मी म्हणाले, "मंग जा तुम्ही. गाड्याले रंग मारा. हे शिकलेल्या माणसाचं काम हाय."

तुम्ही प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली, स्कूटरला किक मारली आणि गेलात.

समिती यायला चार दिवस होते. तो दिवस आणि पुढचा दिवस मी एकटीने काचा केल्या, सगळ्या दुधाळ. एप्रिलचा डबा कपाटात होता आणि मी त्या कपाटाकडे पाठ करून बसत होते. तारखा घासायला माझाही हात धजत नव्हता. फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बाभुळगावची बस धरली. रस्ताभर वाक्य जुळवत होते, माफीचं. तीन-चार वेळा जुळवलं, प्रत्येक वेळी ते मलाच खोटं वाटलं.

तुम्ही एका गाडीच्या बॉनेटला रंग मारत होता. मला पाहिलंत, पण हात थांबवला नाही. रंग मारताना मधे थांबलं की डाग पडतो, हे मला तुमच्याकडूनच माहीत होतं. म्हणून मी शटरपाशी उभी राहिले. बाहेर पाऊस, आणि आत तुमच्या रंग फवारायच्या बंदुकीतून येणारा रंग बॉनेटवर काचेसारखा बसत होता. काम झालं, तसं तुम्ही कॉम्प्रेसरच्या नळीवरच्या छोट्या भांड्याची चकती फिरवली. त्यातून पाणी निघालं. चांगलं ओंजळभर पाणी, हवेतून गाळलेलं. मग बोटावर बंदुकीची नुसती हवा मारून ते बोट माझ्यापुढे धरलंत. कोरडं होतं.

"तेलाचा थेंब आला तं रंगाले डोळे पडतात, गोल खड्डे," तुम्ही म्हणालात. "आमाले काय तेल चालते असं वाटलं तुमाले? तेल, पाणी, सारं गाळूनच मारतो. तुमी पुरी खोली कोरडी करून राह्यल्या. कायले? काचेवरची तळहाताएवढी हवा कोरडी करा."

जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मी विचारलं, "कॉम्प्रेसर मिळेल का?"

"घेऊन जा," तुम्ही म्हणालात. मग थोडं थांबून, "तुमाले लावता नाही येणार," असं म्हणत स्वतःच एका रिकाम्या टेम्पोत कॉम्प्रेसर चढवलात आणि माझ्याबरोबर आलात. त्या प्रवासात आपण फक्त नळीच्या जाडीबद्दल बोललो.

पाण्याच्या फिल्टरची दोन नळकांडी तुम्ही ओलावा शोषणाऱ्या निळ्या दाण्यांनी भरलीत. हवा त्यांतून यायची आणि फिरत्या काचेवर चपट्या तोंडाच्या नळीतून पडायची. किती जोरानं, किती उंचीवरून, कितव्या सेकंदाला, हे सगळं आपण दीड दिवसात शोधलं. जोर जास्त झाला की थराला सुरकुत्या, कमी झाला की दूध. समितीच्या आदल्या संध्याकाळी एक काच काळी, चकचकीत निघाली. मला तिच्यात माझं तोंड दिसलं. पुढच्या दोन पुन्हा बिघडल्या.

समितीत तिघं होते, प्रमुख एक वयस्क बाई. पाऊस पडत होता आणि त्यांनी आल्या आल्या भिंतीवरचं आर्द्रतेचं यंत्र पाहिलं. प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मी काच लावली, थेंब टाकला, यंत्र सुरू केलं, आणि तुम्ही नळी धरलीत. बारा काचा. पाचव्या काचेनंतर नळकांड्यातले दाणे गुलाबी व्हायला लागले, म्हणजे ओलावा आत शिरत होता. मी थांबायला सांगणार तोवर तुम्ही एका हाताने दुसरं नळकांडं जोडलंही. नवव्या काचेला वीज गेली. कॉलेजचं जनरेटर सुरू व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात तवा थोडा थंडावला आणि ती काच पिवळी पडली. मी दहावी लावली.

जेवणाच्या सुट्टीत मी खोलीतून हलले नाही. तुम्हीही हलला नाहीत. प्राचार्य एकदा दारात येऊन गेले, कपाटाकडे पाहून गेले. तुम्ही त्यांना अदबीनं नमस्कार केलात आणि कपाटाला टेकून उभे राहिलात.

संध्याकाळी मोजलं तेव्हा बारांपैकी सात काचांनी वीज दिली, आणि तीही एप्रिलच्या काचांपेक्षा बरीच कमी. प्रमुख बाईंनी अहवाल उघडून विचारलं, हे आकडे यात दिलेल्या आकड्यांशी का जुळत नाहीत. मी सांगितलं की अहवालातले सगळे आकडे उन्हाळ्यातले आहेत. ते लिहायला हवं होतं आणि मी ते लिहिलं नाही. बाईंनी पेन ठेवलं आणि मला न विचारता तुम्हाला विचारलं, "या नळीची कल्पना कुणाची?"

तुम्ही म्हणालात, "मॅडमची."

त्यावर मी काही बोलले नाही. ही माझी दुसरी चूक, आणि ही तर मी शांत डोक्यानं केली.

मोठं केंद्र कॉलेजला मिळालं नाही. एका वर्षाची मुदत मिळाली, अट अशी की बाराही महिन्यांचे आकडे द्यायचे, नासलेल्या काचांसकट. प्राचार्य माझ्याशी अनेक महिने धड बोलले नाहीत. पण मला ते वर्ष आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाटतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारा काचा. डिसेंबरच्या थंडीत थर सुकायला उशीर, मेमध्ये थेंब पसरायच्या आतच सुकायचा. तुम्ही नळीच्या आवाजावर कान ठेवून हवेची चावी फिरवायचात आणि काचा चांगल्या निघायच्या. पुन्हा पाऊस आला तेव्हा बारांतल्या दहा चालल्या.

आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं. मी त्या नळीवर हवा मोजणारी काचेची कांडी बसवली, आत हवेच्या जोरानं वर-खाली होणारा गोळा असलेली. तुम्ही चावी लावली की मी आकडा टिपायचे, शेजारी खोलीची आर्द्रता आणि तापमान. तुम्हाला ते आवडत नव्हतं. चावी किती फिरवली विचारलं की तुम्ही म्हणायचात, आवाज बरोबर आहे. मी म्हणायचे, आवाज वहीत कसा लिहू?

"लिहू नका. मी हाय ना."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"म्हंजे मेल्यावर?"

"हो," मी म्हणाले, "मेल्यावर. जे फक्त तुमच्याच हातून होतं, त्याला खात्रीचं नाही म्हणत."

तुम्ही हसलात. मग खोकलात, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. तो जुलै होता. पुढच्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत.

त्या खोकल्याबद्दल मी तुमच्याशी वर्षभर भांडले होते. मास्क तुमच्या गळ्यात असायचा, नाकावर नसायचा. मास्क लावला की वास कळत नाही, असं तुमचं म्हणणं. शेवटी मी सांगणं सोडलं. का सोडलं? काम चांगलं चाललं होतं म्हणून.

दवाखान्यात तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी माफी मागायला आले होते, आणि तुम्हाला सांगत बसले की खोलीतली आर्द्रता फार वाढली आहे. तुम्ही ऐकत होता. मग हात उचलून तुम्ही चावी थोडी आवळल्यासारखी बोटं फिरवलीत. जोर कमी करा, असं. ते ऑक्सिजनबद्दल होतं की आपल्या नळीबद्दल, मला कळलं नाही. विचारावं तर नर्स आली. पुन्हा भेट झाली नाही.

दहाव्या दिवशी मी भाभींकडे गेले. आपल्या कामावर मी लिहिलेल्या शोधनिबंधावर लेखक म्हणून तुमचं पूर्ण नाव टाकायचं होतं आणि ते मला माहीतच नव्हतं. त्यांनी एकेक शब्द तोडून सांगितलं, शेख मुश्ताक शेख हबीब. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या कॉलेजातल्या दवायांनं तं नाही ना झालं त्यायले?"

डॉक्टर म्हणाले होते की ही फुप्फुसं तीस वर्षांच्या रंगाची आहेत. मी ते सांगू शकले असते. पण आमचं धूर ओढणारं कपाट कसं ओढतं, ते मला ठाऊक आहे. मी म्हणाले, "रंगानं झालं म्हणतात, भाभी. पण आमच्याकडच्या वासानं काहीच केलं नसेल असं मी सांगू शकत नाही." माझा चहा निवला. मग मी तेही सांगून टाकलं, त्या ऑगस्टमध्ये तुम्हाला मी काय बोलले ते, शब्दन् शब्द.

त्यांना माहीत होतं. तुम्ही त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं होतंत. "म्हणाले, मॅडम भेलेल्या हायेत," भाभी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरची टाकी खोलून धुवाले बसले. मी म्हटलं, काहून धुता? तं म्हणे, यवतमाळले न्यायचा हाय."

म्हणजे मी बस धरली त्याच्या आदल्या दिवशीच तुम्ही निघायच्या तयारीला लागला होता. आणि मी समजत होते, मी तुम्हाला आणलं.

निबंध गेला आहे. संस्थेच्या रकान्यात माझ्या नावापुढे कॉलेज आहे, तुमच्या नावापुढे तुमचं गॅरेज, बाभुळगाव. कोरड्या हवेच्या नळीची कल्पना दुसऱ्या लेखकाची, हे आत स्पष्ट लिहिलं आहे. नासलेल्या काचाही सगळ्या आहेत.

काल मंगळवार होता, आणि पाऊस. मी एकटीने बारा काचा केल्या. आवाजाकडे लक्ष दिलं नाही. वर्षभर तुमच्या चावीचे टिपलेले आकडे समोर ठेवले, भिंतीवरची आर्द्रता वाचली, तक्त्यात पाहिलं, कांडीतला गोळा त्या रेघेवर आणला, आणि हवा सोडली. पहिली काच तव्यावर काळी झाली. मग दुसरी. संध्याकाळी दिव्याखाली मोजल्या. अकरा चालल्या. पावसात आजवर अकरा कधी चालल्या नव्हत्या.

म्हणजे तुमच्यावाचूनही ते होतं. वाद मी जिंकला. सांगायला वळले तर खोलीत कुणी नव्हतं, आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

एकच राहिलं. बसमध्ये जुळत नव्हतं, दवाखान्यात निघालं नाही. त्या दिवशी मी जे बोलली ते चुकलं माझं, मुश्ताकभाई. भेली होती मी. तुमाले ते ठाऊक होतं. तरी मी तुमाले ते माझ्या तोंडानं सांगाले पाह्यजे होतं.